बीजाचा अहवाल निगेटिव्ह, तरी तळ्यात रोग कसा?

प्रश्न : देवगड तालुक्यात खाडीलगत आमचे कोळंबीचे तळे आहे. बीज (कोळंबीची पिले) सोडण्यापूर्वी पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगासाठी केलेली पीसीआर चाचणी निगेटिव्ह होती. तरीही दीड महिन्याने त्याच रोगाने कोळंबी मेली. चाचणीवर विश्वास कसा ठेवावा?

उत्तर : एवढ्यावरून चाचणी खोटी ठरत नाही. अहवाल नळीत घातलेल्या नमुन्यापुरता असतो, तळ्याची हमी देणारा नसतो. पीसीआरमध्ये, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो शोधणाऱ्या चाचणीत, मिश्रण सुमारे ९५ अंश सेल्सिअसला तापवून विषाणूच्या डीएनएचे दोन धागे सुटे करतात, मग ते ५५ ते ६० अंशांपर्यंत उतरवले की प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) नेमक्या जागी चिकटतात आणि ७२ अंशांना टॅक पॉलिमरेझ हे विकर तिथून पुढचा धागा रचते. दर फेरीला प्रती दुप्पट झाल्या, तर ३० फेऱ्यांत एका रेणूच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. १९८३ साली ही युक्ती सुचलेल्या कॅरी मुलिस यांना त्यासाठी १९९३ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले, ते उगाच नव्हे.

मात्र मुळात नमुन्यात विषाणूच नसेल तर वाढवायचे काय? लाखो पिलांतून १५० पिले तपासली आणि २ टक्के पिले बाधित असली, तर त्यांतले किमान एक हाती लागण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के असते. बाधा त्याहून विरळ असेल तर ती सहज निसटते. कोळंबीच्या डोळ्यांतील घटक ही अभिक्रिया रोखतात, म्हणून डोळे काढून नमुना घ्यावा लागतो. विषाणू अगदी थोडा असेल तेव्हा पहिल्या टप्प्यात न दिसलेला तुकडा दोन टप्प्यांच्या नेस्टेड पीसीआरमध्ये दिसू शकतो. तेव्हा किती पिले घेतली, चाचणी नेस्टेड होती का आणि सोबतचे पॉझिटिव्ह व निगेटिव्ह कंट्रोल (विषाणू नक्की असलेला व नक्की नसलेला नमुना) बरोबर आले का, हे प्रयोगशाळेला जरूर विचारावे.

शिवाय बीज निर्दोष असले तरी भरतीचे पाणी न गाळता, क्लोरीन न देता तळ्यात घेतले, तर खाडीतले खेकडे आणि रानटी कोळंबी विषाणू आत आणतात. माझ्या मते दीड महिन्याचे अंतर पाहता आधी हीच वाट तपासावी.

प्रश्न : नमुना फॉर्मॅलिनमध्ये पाठवला तर चालेल का?

उत्तर : पीसीआरसाठी नको, कारण फॉर्मॅलिनमुळे डीएनए प्रथिनांशी जखडला जातो आणि तुटतोही. ९५ टक्के इथेनॉलमध्ये पाठवावा. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहायच्या असतील तर वेगळा नमुना काढावा.