मोबाईलमधले आरएफ (रेडिओ वारंवारितेचे) फिल्टर साध्या कॉइल-कपॅसिटरने का बनवत नाहीत?

बनवता येतात, पण पासबँडच्या (फिल्टर ज्या वारंवारिता जाऊ देतो त्या पट्ट्याच्या) कडेला त्यांचा उतार फार सावकाश असतो, म्हणजे लगेच शेजारची वारंवारिता नीट अडत नाही. आपल्याकडे ४जीसाठी वापरला जाणारा बँड ४० बघा: २३०० ते २४०० मेगाहर्ट्झ. आणि वायफाय २४०० च्या पुढे लगेच सुरू! हॉटस्पॉट चालू असला की फोनचंच वायफाय कानाशी ओरडत असतं, आणि त्यात ४जीच्या रिसीव्हरने लांबच्या टॉवरची कुजबुज ऐकायची.

म्हणून सिग्नलचं रूपांतर ध्वनिलहरीत करतात. लिथियम टँटलेटच्या स्फटिकावर ही लहर सेकंदाला साधारण ४००० मीटर धावते, म्हणजे २ गिगाहर्ट्झला तरंगलांबी जेमतेम २ मायक्रॉन. हवेत रेडिओलहरीची तीच १५ सेंटीमीटर भरते. स्फटिकावर दोन कंगवे एकमेकांत अडकवल्यासारखे धातूचे दात असतात, प्रत्येक दात सुमारे अर्धा मायक्रॉन रुंद. हाच सॉ (SAW, म्हणजे पृष्ठभागावरच्या ध्वनिलहरीचा) फिल्टर.

डिझाइन करताना खरी डोकेदुखी मात्र तापमानाची. साध्या सॉ फिल्टरची वारंवारिता दर अंशाला दशलक्षात ४० भागांच्या आसपास खाली सरकते. ५० अंश तापला की २४०० ला जवळपास ५ मेगाहर्ट्झ गेले! सिम्युलेशनमध्ये सुरेख दिसणारा आलेख इथेच आपटतो. मग वर सिलिकॉन डायऑक्साइडचा थर देतात (तो तापल्यावर उलट ताठ होतो, गंमतच आहे), नाहीतर बॉ (BAW, म्हणजे पदार्थाच्या आतून जाणाऱ्या ध्वनिलहरीच्या) फिल्टरकडे वळतात. त्यात लहर ॲल्युमिनियम नायट्राइडच्या पातळ थरातून आरपार जाते आणि वारंवारिता मुख्यतः थरांच्या जाडीवर ठरते.