सेंट हेलेन्सवर निघण्याआधी

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तुमच्याकडे पानावर बसल्या बसल्या विषय निघाला आणि अर्धवटच राहिला, म्हणून हे लिहून देतो. मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतला सेंट हेलेन्स ज्वालामुखी स्कीवर चढून उतरायचा तुझा बेत मला मनापासून आवडला. गुलमर्गला तू पाया घातलास, पोर्टलंडला गेल्यावर माउंट हूडच्या उतारांवर तयार झालीस, त्यामुळे स्की वळवायची कशी हे मी तुला सांगायला नको. पण तिथे लिफ्ट वर नेते. इथे मार्बल माउंटनच्या वाहनतळापासून विवराच्या कडेपर्यंत सुमारे 1700 मीटर स्वतःच्या पायांनी चढायचं आहे. जाऊन-येऊन 19 किलोमीटर होतात आणि लोकांना 7 ते 12 तास लागतात.

मला मुख्य एकच सांगायचं आहे. दिवसाची आखणी शिखर गाठायच्या हिशेबाने करू नकोस, उतरायच्या वेळेच्या हिशेबाने कर.

वसंतातला बर्फ दिवसा वितळतो आणि रात्री गोठतो. असं बरेच दिवस चाललं की त्याचे जाड्या रव्यासारखे दाणे होतात. पहाटे हे दाणे एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात आणि पृष्ठभाग दगडासारखा कडक असतो. ऊन चढलं की वरचे दोन-तीन सेंटिमीटर सुटतात, खालचा थर मात्र कडकच राहतो. स्कीला याहून सुंदर बर्फ नाही. पण हा टप्पा तास-दोन तासच टिकतो. मग ऊन खोल शिरतं, सगळा थर भिजून जड होतो, पाय घोट्याच्या वर रुतायला लागतो आणि ओल्या बर्फाचे लोट सुटायला लागतात. तुझी वाट दक्षिण-आग्नेय अंगाची, म्हणजे ऊन लवकर लागणार. निरभ्र, वारा नसलेल्या दिवशी साधारण दहा ते बारा ही वेळ धर.

आता उलटा हिशेब कर. दहाला कडेवर पोचायचं. तासाला 300 मीटर चढत असशील तर पावणेसहा तास, त्यात थांबे धरून साडेसहा. म्हणजे पहाटे साडेतीनला, डोक्याला टॉर्च लावून निघायचं. तासाला 250 मीटरच होत असतील तर अडीचच्याही आधी. हा वेग अंदाजाने ठरवू नकोस. बडोद्यात आहेस तोवर पावागढावर मोजून घे. पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन, माचीपासून नव्हे, खाली चांपानेरपासून चढ. उतरतानाही रोपवेत बसू नकोस, कारण स्कीवर मांड्या भरून येतात त्या उतरतानाच. चैत्री नवरात्राचे दिवस टाळ, तेव्हा पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नसते. जुम्मादादा व्यायाम मंदिरात लहानपणी काढलेल्या बैठका आता परत सुरू कर, त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. आणि पावागढ चढताना पायाखालचा खडक जरूर बघ. तोही लाव्हाचाच आहे, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. सेंट हेलेन्स त्यामानाने अगदी ताजा, 2004 ते 2008 या काळातही त्याच्या विवरात नवा लाव्हा वर येत होता.

आदल्या रात्रीचं आकाश बघ. मोकळं असेल तर बर्फ उष्णता वर सोडतो आणि नीट गोठतो. ढग असतील तर हवा गार वाटूनही तो गोठत नाही. पहाटे पहिला बर्फ लागतो तिथेच बूट रुतत असेल तर वर पाचशे मीटरपर्यंत जाऊन बघ. तिथेही तेच असेल तर मागे फिर. आणि याची दुसरी बाजू लोक विसरतात. वर लवकर पोचलीस आणि बर्फ अजून कडक असेल तर थांब. पिसांचं जॅकेट घाल, सॅकवर बस आणि थांब. थंडी वाजते म्हणून कडक बर्फावर उतरायला लागणारे मी बरेच पाहिले आहेत. तिशीच्या कोनावर गोठलेल्या बर्फात पडलेला माणूस आपोआप थांबत नाही.

चढताना स्कीखाली स्किन, म्हणजे लव असलेल्या पट्ट्या, लावशील. त्यांची लव एका दिशेला असते, म्हणून स्की पुढे सरकते, मागे नाही. सकाळी कडक भागात स्कीचे क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे धातूचे दाते, लागतील आणि ते सपाट जागा आहे तोवरच चढवायचे. उतार उभा झाल्यावर, एका पायावर तोल सांभाळत, बोटं बधिर झालेली असताना, क्रॅम्पॉनची खीळ खाचेत बसत नाही. बुटांचे क्रॅम्पॉन, आइस अॅक्स आणि हेल्मेट तर हवंच. बर्फाखाली गाडलेल्याला शोधायला बीकन (संदेश देणारं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी) प्रत्येकाकडे हवं, आणि प्रत्येकाला ते वापरताही यायला हवं. मे महिन्यात खालच्या जंगलात बर्फ बहुधा संपलेला असतो, तिथे स्की सॅकला बांधून चालावं लागेल. चॉकलेट फॉल्स नावाच्या धबधब्यापाशी झाडी संपते, तिथून पुढचा डोंगर उघडा.

आता कडेविषयी. हे दोनदा वाच. 18 मे 1980 च्या सकाळी या डोंगराची उत्तर बाजू कोसळली आणि स्फोट झाला. 57 माणसं गेली. 2950 मीटरचा डोंगर 2549 मीटरचा झाला. म्हणून दक्षिणेकडून चढताना तुला सौम्य, गोल माथा दिसतो, आणि त्याच्या पलीकडे मात्र एकदम शेकडो मीटरचा कडा आहे. वारा त्या कड्यावर बर्फाचं छज्जं बांधतो, त्याला कॉर्निस म्हणतात. तुझ्या बाजूने ते कळतच नाही, माथाच पुढे चालू आहे असं वाटतं. त्यावर उभी राहिलेली माणसं छज्ज्यासकट विवरात गेली आहेत, 2010 साली एकजण तर फोटो काढून घेत असताना. कडेच्या बऱ्याच अलीकडे थांब. पुढे कुणाचे पाय उमटलेले असले तरी जाऊ नकोस, सकाळी आठला ज्याने पेललं ते अकराला पेलेलच असं नाही. वाफा बघायच्याच असतील तर जिथे खडक उघडा आहे तिथून बघ.

उतरताना आणखी एक. डोंगर शंकूच्या आकाराचा आहे. माथ्यावर वाट वीस पावलं चुकली तर पायथ्याला तू भलत्याच ओढ्यात उतरतेस, आणि गाडीपर्यंत परत यायला भिजक्या जंगलातून तीन-चार तास तुडवावे लागतात. बर्फ छान लागला की स्की सरळ खाली ओढते आणि कुणाला थांबावंसं वाटत नाही. तरी दर दोन-तीनशे मीटरला थांब आणि फोनवर चढतानाचा ट्रॅक बघ. धुकं आलं तर तो ट्रॅकच धरून उतर.

नऊवारीचं विचारलंस. त्या रविवारी तिथे मातृदिन असतो आणि लोक झगे घालून चढतात, ही त्या डोंगराची जुनी गंमत आहे. तू नऊवारी नेसलीस तर मला फार आनंद होईल. पण आतून स्कीची पँट हवी, काष्टा घट्ट हवा आणि पदर कमरेला खोचलेला. घोट्याच्या खाली कापड नको, क्रॅम्पॉनचा दात त्यात अडकला की तोंडावर पडशील. पहाटेच्या अंधारात ती सॅकमध्येच ठेव, उजाडल्यावर सपाटीवर नेस.

खाण्यात चिक्की नेऊ नकोस, थंडीत दातांनी तुटत नाही. थेपले मऊ राहतात आणि गुळपापडी हातमोजे न काढता खाता येते. पाणी तीन लिटर. सनस्क्रीन नाकाच्या आणि हनुवटीच्या खालच्या बाजूलाही लाव, बर्फावरून ऊन खालूनही लागतं. गडद चष्मा उजाडताच चढव, डोळे संध्याकाळी जळायला लागतात आणि तोवर उशीर झालेला असतो.

1460 मीटरच्या वर जायला परवाना लागतो, तो आधीच काढून ठेव, त्या रविवारचे लवकर संपतात. बरोबर कोण येणार ते कळव, आणि परत फिरायची वेळ काय ठरवली तेही. मी दुपारी बारा म्हणेन, मग कुठेही असा. तुझ्या आईशी मी बोलतो. गाडीपाशी परत आलीस की तिला आधी फोन कर, मला नंतर. इथे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असेल, तरी ती जागीच असणार.

तुझा,
काका