‘ही काय मोगलाई आहे का?’ यातली मोगलाई नेमकी कुठली?

दिल्लीचे मोगल जाऊन इतका काळ लोटला, तरी कुणी मनमानी केली की माणसं ‘ही काय मोगलाई आहे का?’ असं का म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. माझं गाव बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यात, सीना नदीच्या काठाला, म्हणून सांगावंसं वाटतं.

ही मोगलाई दिल्लीची नाही, हैदराबादच्या निजामाची. निजाम मुळात मोगलांचा दख्खनचा सुभेदार. १७२४ पासून तो स्वतःच्या बळावर राज्य करू लागला, तरी लोकांच्या तोंडी त्याचा मुलूख मोगलाईच राहिला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि सीनेपलीकडे, नगरच्या बाजूला, इंग्रजी अंमल आला. आमच्याकडे निजाम १९४८ पर्यंत होता. आजी माहेरी कर्जतला निघाली की पदराच्या गाठीला दोन तऱ्हेचे पैसे बांधायची, इकडचे निजामाचे हाली आणि तिकडचे इंग्रजी कलदार. सहा कलदार रुपयांना सात हाली मोजावे लागत. वाटेत करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. तिथला शिपाई गाठोडं सोडायला लावायचा, लुगड्याची घडीसुद्धा मोडायचा.

दरोडा घालून नदी ओलांडली की मागावरचे पोलीस काठावर अडायचे, कारण पलीकडे त्यांचा अंमल चालत नसे. हे दोन्ही बाजूंनी व्हायचं. पण नगर-सोलापूरकडच्यांना दिसायचा तो ‘मोगलाईत पळालेला’ चोर. बेबंदशाही हा अर्थ त्यातूनच पक्का झाला असावा, असं मला वाटतं. आमच्या मुलखावर हा शब्द एकतर्फी बसला, याचं वाईट वाटतं.

कारण त्याच हद्दीचा आसरा इतरांनीही घेतला. १८७९ मध्ये वासुदेव बळवंत फडके इंग्रजांना चुकवून निजामाच्या मुलखात शिरले आणि तिथे रोहिल्यांची, म्हणजे भाडोत्री पठाण शिपायांची, जमवाजमव करू लागले. १९४७-४८ मध्ये उलटा ओघ लागला. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांच्या धाकानं मराठवाड्यातली कुटुंबं रातोरात हद्दीबाहेर पडली, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांनी हद्दीलगत कॅम्प उभे केले. आजीनं तेव्हा ज्वारीचं पेव, म्हणजे जमिनीखालचं कोठार, बुजवलं, वर शेणानं सारवलं आणि पोरं घेऊन नदी उतरली. १९४८च्या सप्टेंबरात भारताच्या फौजा आल्यावर परतून पेव उघडलं, तर कडेची ज्वारी काळी पडलेली, मधली चांगली निघाली.

‘मला मोगलाईत दिली,’ असं ती शेवटपर्यंत सांगायची. तिच्या लेखी मोगलाई म्हणजे सासर.