रेडिओची परवानगी म्हणजे चित्रपटाची परवानगी नव्हे

प्रश्न : कॅनडात नोकरीला असताना नाताळच्या आदल्या संध्याकाळी सीबीसी रेडिओवर ब्रिटिश लेखक फ्रेडरिक फॉरसिथ यांच्या ‘द शेफर्ड’ या कथेचे अभिवाचन मी न चुकता ऐकत असे. पुण्यात परतल्यावर मी तिचे मराठी नभोनाट्य लिहिले. एक सामुदायिक रेडिओ केंद्र ते येत्या डिसेंबरात विनामोबदला प्रसारित करायला तयार आहे. मूळ पुस्तकाच्या प्रकाशकाच्या कार्यालयातून ‘ध्वनिवाचनास हरकत नाही’ अशी ई-मेलही आली आहे. आता एका निर्मात्याला याच संहितेवर लघुपट करायचा असून त्याने मला पन्नास हजार रुपये विसार दिला आहे आणि करारनामा सहीसाठी पाठवला आहे. सही करावी का?

उत्तर : सही करू नये, आणि विसाराची रक्कम तूर्त जशीच्या तशी बाजूला ठेवावी. आपण पाठवलेल्या करारनाम्यातील सातवे कलम पुन्हा वाचा : ‘सदर संहिता ही लेखकाची स्वतंत्र निर्मिती असून तिच्यावरील सर्व हक्क निर्वेधपणे त्याच्याकडे आहेत, आणि त्रयस्थाने दावा केल्यास निर्मात्याचे होणारे सर्व नुकसान लेखक भरून देईल.’ या वाक्याचा पहिला भाग खरा नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. दुसऱ्या भागामुळे मात्र त्या खोटेपणाची किंमत पन्नास हजारांपुरती न राहता चित्रपटाच्या संपूर्ण खर्चापर्यंत जाऊ शकते. लघुपट आहे म्हणून करारही छोटा असतो, असे नाही.

कथा 1975 साली प्रसिद्ध झाली, म्हणजे ती जुनी झाली, असे आपण पत्रात सुचवले आहे. परंतु कॉपीराइटची मुदत प्रकाशनापासून नव्हे, तर लेखकाच्या मृत्यूपासून मोजतात. फॉरसिथ यांचे निधन जून 2025 मध्ये झाले. भारतीय कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 22 प्रमाणे मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे, म्हणजे 2085 च्या अखेरपर्यंत, येथे संरक्षण राहील. ब्रिटनमध्ये आणि डिसेंबर 2022 मधील बदलानंतर कॅनडातही ही मुदत सत्तर वर्षांची, म्हणजे 2095 अखेरपर्यंत आहे. लेखक परदेशी असला तरी कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारामुळे आणि आपल्याकडील आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेश, 1999 मुळे त्याला येथे भारतीय लेखकाइतकेच संरक्षण मिळते. लघुपट इंटरनेटवर टाकून कॅनडातील मराठी मंडळींना दाखवायचा असेल, तर तेथील कायदाही लागू होईल.

आता ई-मेलबद्दल. एका कथेतून अनेक हक्क निघतात आणि ते वेगवेगळ्या हातांत असू शकतात : छापण्याचा, अनुवादाचा, वाचून प्रसारित करण्याचा, नाट्यरूपांतराचा, चित्रपटाचा. याच कथेचा इतिहास त्याचे उत्तम उदाहरण आहे. सीबीसीवर निवेदक ॲलन मेटलंड यांनी 1979 मध्ये केलेले वाचन मेटलंड 1999 साली गेल्यानंतरही दरवर्षी ऐकवले जाते. तरीही पडद्यावरचे रूपांतर थेट 2023 मध्ये आले, आणि ते दुसऱ्याच मंडळींकडून : इयन सॉफ्टली यांचे दिग्दर्शन, अल्फोन्सो क्वारोन यांची निर्मिती, जॉन ट्रॅव्होल्टा यांची भूमिका आणि डिस्ने प्लसवरून प्रदर्शन. प्रकाशकाकडे बहुधा छपाईचे हक्क असतात, फार तर ध्वनिपुस्तकाचे. नाट्य आणि चित्रपट यांचे हक्क सहसा लेखक आपल्या एजंटामार्फत स्वतःकडे राखून ठेवतो. म्हणून ‘हरकत नाही’ म्हणणाऱ्या कार्यालयाला हरकत घेण्याचा अधिकार तरी होता का, हे आधी तपासले पाहिजे. शिवाय त्या मेलमध्ये ‘ध्वनिवाचन’ एवढेच म्हटले आहे. आपण केला तो अनुवाद, आणि त्याहून पुढचे म्हणजे नाट्यरूपांतर. कलम 14 नुसार हे दोन्ही स्वतंत्र हक्क आहेत. कलम 30 प्रमाणे परवाना हक्कधारकाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने लेखी द्यावा लागतो. ई-मेल लेखी आहे, हे मान्य. ती पाठवणारा अधिकृत आहे का, हा मुद्दा उरतोच.

केंद्राच्या संचालकांनी आपल्याला कलम 31-ड चा हवाला दिला आहे. प्रसारण संस्थांना पूर्वसूचना देऊन आणि ठरवलेले मानधन भरून प्रकाशित साहित्यकृती प्रसारित करण्याची मुभा त्यात आहे, हे खरे. पण प्रसारणाच्या सोयीसाठी मजकूर लहान करणे आणि तांत्रिकदृष्ट्या आवश्यक असलेले फेरफार यांपलीकडचा कोणताही बदल त्याच कलमाने संमतीवाचून निषिद्ध ठरवला आहे. इंग्रजी कथेचे मराठी नाटक त्यात बसत नाही. केंद्राच्या संकेतस्थळावर मागणीनुसार ऐकवण्यासाठी तर या कलमाचा आधार मुळीच घेता येणार नाही, कारण ही सवलत इंटरनेटवरील अशा सेवांना लागू नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने टिप्स ही संगीत कंपनी विरुद्ध विंक ही इंटरनेटवरील संगीतसेवा या प्रकरणात 2019 मध्ये सांगितले आणि 2022 मध्ये खंडपीठाने ते कायम केले. ‘आम्ही पैसे घेत नाही’ हाही बचाव नव्हे. हौशी मंडळाने तिकीट न लावता प्रेक्षकांसमोर केलेल्या प्रयोगाला कलम 52 मध्ये सूट आहे, रेडिओला नाही. कलम 63 खालील शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत आहे आणि हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्या बाबतीत तिथवर जाईल असे मला वाटत नाही. दिवाणी मनाई हुकूम मात्र सहज मिळू शकेल, आणि तो नेमका डिसेंबरात मिळेल.

लघुपटाविषयी मी अधिक साशंक आहे. नुकताच चित्रपट निघालेल्या कथेचे पडद्यावरचे हक्क मोकळे असतील, हे गृहीत धरता येत नाही. असे हक्क सहसा अनन्य स्वरूपात, म्हणजे दुसऱ्या कोणाला न देण्याच्या अटीवर, आणि दीर्घ मुदतीसाठी दिले जातात. त्यापेक्षा दुसरी वाट अधिक चांगली आहे, आणि निर्मात्याला ती पटवून देणे शक्य आहे. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स (1978) या निकालात ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट यांची तुलना करून सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कल्पना, विषय आणि ऐतिहासिक घटना यांवर कोणाचीही मालकी नसते; मालकी असते ती मांडणीवर. कथा न वाचलेल्यांची क्षमा मागून सांगतो : पूर्वी मेलेला वैमानिक वाट चुकलेल्याला सुखरूप उतरवतो, ही कल्पना सर्वांची आहे. पण 1957 च्या नाताळच्या आदल्या रात्री जर्मनीतील सेले येथून निघालेले व्हँपायर हे लढाऊ विमान, उत्तर समुद्रावर बंद पडलेली दिशादर्शक व संपर्काची उपकरणे, धुक्यावर लहान लहान त्रिकोण काढत मागितलेली मदत, वाटाड्या म्हणून आलेले दुसऱ्या महायुद्धातील मॉस्किटो विमान, ओसाड तळ आणि खोलीतले छायाचित्र, या क्रमाने जे येते ते फॉरसिथ यांचे आहे. नावे मराठी केल्याने किंवा समुद्राऐवजी सह्याद्री घातल्याने ते आपले होत नाही. भारतीय हवाई दलानेही 1948 पासून व्हँपायर विमाने वापरली आहेत. तेव्हा वेगळे संकट, वेगळी माणसे आणि वेगळा शेवट असलेली खरोखर नवी कथा लिहायला आपल्याला भरपूर जागा आहे.

निर्मात्याला लेखी कळवा की मूळ कथेचे हक्क आपल्याकडे नाहीत, आणि नव्या कथेला तो तयार नसेल तर विसार बँकेमार्फत परत करून पोच घ्या. प्रकाशकाला विचारा की नाट्य व प्रसारण हक्क कोणाकडे आहेत. मग त्या एजंटाकडे केवळ मराठी नभोनाट्याचा, अनन्य नसलेला परवाना मागा. त्यात प्रसारणांची संख्या, संकेतस्थळावर ठेवण्याची मुभा, मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून घ्या, कारण मुदत लिहिली नाही तर आपला कायदा ती पाच वर्षे धरतो आणि प्रदेश लिहिला नाही तर केवळ भारत. मेटलंड यांच्या ध्वनिमुद्रणाचा एकही तुकडा नभोनाट्यात वापरू नका. त्याचे हक्क आणखी वेगळे आहेत. नोव्हेंबरअखेर सही झालेला कागद हाती आला नाही, तर केंद्राला या वर्षीचा कार्यक्रम बदलायला सांगा.