डब्लिनमध्ये १९१६च्या उठावाची पायी सफर: पहिल्यांदा जाताना

१९१६चा उठाव म्हणजे ब्रिटिश सत्तेविरुद्ध आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झालेलं बंड. त्याच्या जागा पायी बघायच्या असतील तर नक्की जा! फक्त सगळं एका दिवसात उरकायचा हट्ट धरू नका, नवखी मंडळी तिथेच दमतात. पहिल्या दिवशी ओकॉनेल स्ट्रीटवरचं जीपीओ (मुख्य टपाल कार्यालय, उठावाचं मुख्यालय) आणि जवळची मूर स्ट्रीट एवढंच पुरे.

- आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा आधी वाचून जा. २४ एप्रिल १९१६ला उठावाचे नेते पॅट्रिक पिअर्स यांनी तो जीपीओसमोर वाचला. एकच पान आहे, पण त्याने गाइडचं निम्मं बोलणं आपोआप उलगडतं.
- त्याच रस्त्यावर आयरिश नेते ओकॉनेल यांच्या पुतळ्याखालच्या पंखधारी मूर्ती नीट बघा. गोळ्यांची भोकं अजून दिसतात. बरेच जण फोटो काढून पुढे जातात!
- किल्मेनम तुरुंगाचं तिकीट आधीच काढा, आयत्या वेळी मिळणं कठीण. मे १९१६मध्ये उठावाच्या १४ नेत्यांना तिथे गोळ्या घातल्या. जखमी जेम्स कॉनोलींना उभं राहवत नव्हतं, म्हणून खुर्चीला बांधून. त्या अंगणात दोन मिनिटं गप्प उभे राहा.

आणखी एक, आयर्लंडमधलाच १७९८चा उठाव वेगळा. दोन्हींची गल्लत फार होते. तो पुढच्या खेपेला बघू.

पाऊस केव्हाही येतो, बूट चांगले घाला.