ट्रॅफर्डमध्ये मुलांसाठी शाळा बघताय?

घर ठरवण्याआधी शाळा बघताय, हे उत्तम. ट्रॅफर्ड ग्रेटर मँचेस्टरमध्येच आहे, पण शेजारच्या मँचेस्टर शहरात नसलेल्या सरकारी ग्रामर शाळा इथे अजून आहेत. फी नाही, मात्र प्रवेशपरीक्षा आहे. अशा सात शाळा: ऑल्ट्रिंगममध्ये मुलांची आणि मुलींची वेगवेगळी, सेल, स्ट्रेटफर्ड, अर्म्स्टन, शिवाय लोरेटो आणि सेंट अँब्रोज या कॅथलिक.

आपली माणसं इथेच गडबडतात. परीक्षा इथल्या सहावीच्या (इयर ६) सुरुवातीला, सप्टेंबरमध्ये असते, पण नोंदणी त्याआधीच्या उन्हाळ्यात करावी लागते. तीही शाळेकडे, कौन्सिलकडे (स्थानिक पालिकेकडे) नाही. कौन्सिलचा अर्ज वेगळा, ३१ ऑक्टोबरपर्यंत. पास झालं म्हणजे जागा मिळालीच असंही नाही. बऱ्याच ठिकाणी घर कुठे आहे ते बघतात. म्हणून प्रत्येक शाळेचे प्रवेशनियम नीट वाचा. कौन्सिलच्या अर्जातला पसंतीक्रम मनापासून लावा, तो शाळांना दिसत नाही. आणि ग्रामर नसलेली एक जवळची शाळा यादीत हवीच.

माझी मुलगी परीक्षेत मागे पडली आणि जवळच्या साध्या हायस्कूलमध्ये गेली. पहिल्याच आठवड्यात बन्सेन बर्नर कसा पेटवला ते हातवारे करून सांगत होती, डबा तसाच दप्तरात. मी उगाच रडले होते.

लहान भावंडाच्या रिसेप्शनचा (शाळेच्या पहिल्या वर्गाचा) अर्ज १५ जानेवारीपर्यंत. विशेष गरजा असतील तर सेलची ब्रेंटवुड शाळाही बघून या.