किटच्या बिअरमध्ये गूळ, संत्र्याची साल, ज्वारी टाकली तर चव सुधारते का?

तुम्ही विचारलं की मूळचे अचलपूरकडचे, आता मेलबर्नला आहात, डब्याच्या किटची (डब्यात माल्टचा तयार घट्ट पाक मिळते त्याची) बिअर घरी बनवता पण ती पातळ आणि जराशी सायडरसारखी, म्हणजे सफरचंदाच्या दारूसारखी लागते, तर घरचा गूळ, संत्री, ज्वारीचं पीठ, मोहफुलं यातलं काय टाकलं तर सुधारेल. मी पण नोकरीपायी काही वर्षं तिकडेच होतो आणि गॅरेजमध्ये हाच उद्योग चालायचा, आता वरुडकडे बाप-आजाची संत्र्याची बाग पाहतो, त्यामुळं तुमच्या प्रश्नातल्या दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या आहेत.

भाऊ, काही टाकायच्या आधी एक गोष्ट काढा. ती म्हणजे साखर. १.७ किलोचा डबा, त्यात किलोभर पांढरी साखर आणि पाणी टाकून २३ लिटर, असं डब्यावर लिहिलेलं असते ना, पातळपणा तिथूनच येते. यीस्ट साखर सगळीच्या सगळी खाऊन टाकते, मागं अल्कोहोल राहते आणि तोंडात भरेल असं काहीच उरत नाही. त्याऐवजी किलोभर ड्राय माल्ट एक्स्ट्रॅक्ट (माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेला जव, त्याच्या अर्काची पूड) टाका, होमब्रूच्या दुकानात सहज भेटते, महाग पडते हे खरं आहे पण किटमध्ये पैसा लावायचा तर पहिला इथंच लावा. माल्टमधला काही भाग यीस्टला खाता येत नाही, तोच बिअरला अंग देते.

म्हणून कोणतीही वस्तू टाकताना मी एकच पाहतो, की यीस्ट याचं काय करणार. गूळ घ्या. गूळ म्हणजे बहुतेक साखरच, ती खाल्ली जाणार, मागं राहते तो थोडा खारट-खरपूस वास आणि रंग. काळ्या बिअरमध्ये तो मस्त लागते, लागरसारख्या फिक्या बिअरमध्ये नाही. २३ लिटरला ३०० ग्रॅमच्या वर जाऊ नका, नाहीतर पुन्हा पातळपणाच वाढेल. पाण्यात विरघळवून, उकळून, गाळून घ्या, गुळात माती-चिपाडं असतातच.

ज्वारीचं पीठ सरळ टाकू नका, अजिबात नाही. त्यात स्टार्च आहे आणि बिअरच्या यीस्टला स्टार्च खाता येत नाही, नुसती गढूळ बिअर होईल आणि बाकीच्या जंतूंची सोय होईल ती वेगळी. आफ्रिकेत ज्वारीची बिअर बनते, पण ते लोक ज्वारीला मोड आणून वाळवतात, मग त्या मोडातले एन्झाइम स्टार्चची साखर करतात. तुम्हाला करूनच पाहायचं असेल तर आपल्या कण्या शिजवतो तशा अर्धा किलो कण्या भरपूर पाण्यात पार मऊ शिजवा, ६७ डिग्रीपर्यंत निवू द्या, त्यात तेवढाच भरडलेला पेल माल्ट (साधा फिका माल्ट) घाला आणि तासभर तेवढ्याच गरम ठेवा, मग गाळून उकळा. तासाभरात ती घट्ट पेज सैल होते आणि गोड लागायला लागते, ते पाहण्यासारखं आहे.

आता संत्रा, हा माझा आवडता भाग. रस टाकू नका, त्यातली साखर यीस्ट खाते आणि मागं नुसता आंबटपणा राहते. कामाची आहे ती साल, आणि सालीतही फक्त वरचा नारिंगी थर, कारण वास त्यातल्या तेलाचा आहे आणि खालचा पांढरा भाग कडू. आपल्या नागपुरी संत्र्याची साल ढिली असते, पीलर लावला की दबते आणि पांढऱ्यासकट निघते. म्हणून फळ सोलायच्या आधी अख्खंच बारीक किसणीवर हलक्या हातानं फिरवायचं, खाली पांढरं दिसलं की तिथं थांबून फळ वळवायचं, किसलेलं ओलसर दिसते आणि बोटं दिवसभर वास मारतात. तिकडे नागपुरी संत्रा कुठं भेटणार, कोणतंही मँडरिन चालेल, पण दुकानातल्या फळाला मेण लावलेलं असते, तर आधी गरम पाण्यानं घासून धुवा. चार-पाच फळांचा कीस आणि १५ ग्रॅम धने जाडसर कुटून. बेल्जियमच्या विटबिअरमध्ये (गव्हाच्या बिअरमध्ये) धने आणि संत्र्याची साल हीच जोडी असते, होगार्डन गावात पिएर सेलिसनं १९६६ मध्ये ती बंद पडलेली बिअर पुन्हा सुरू केली. गव्हाच्या बिअरचं किट आणा, दोन-तीन लिटर पाण्यात थोडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट उकळा आणि हे दोन्ही शेवटच्या पाच मिनिटांत टाका. जास्त उकळलं की वास वाफेसोबत उडून जाते, सगळे किटवाले इथंच चुकतात.

मोहफुलं राहू द्या. मेळघाटातल्या वाळलेल्या फुलांचा वास इतका जबर असते की माल्ट, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं) काही उरत नाही, आणि तिकडच्या विमानतळावर ती दाखवावी लागतात, न दाखवता नेली तर दंड.

घरची नाही पण खरी कामाची अजून एक वस्तू, क्रिस्टल माल्ट (भाजलेला गोडसर माल्ट). २५० ग्रॅम भरडलेला, दोन लिटर पाण्यात ६५-७० डिग्रीवर अर्धा तास भिजवा, गाळा, गाळलेलं पाणी दहा मिनिटं उकळून डब्यातल्या पाकात मिसळा. दाणे उकळू नका, टरफलातून तुरटपणा येते.

सायडरसारख्या चवीमागं साखरेसोबत गर्मी पण असू शकते. डब्यावर २७ डिग्रीपर्यंत चालते असं लिहिलेलं असलं तरी किटमधलं एल यीस्ट (एल जातीच्या बिअरचं) १८ ते २० लाच ठेवा. मेलबर्नच्या जानेवारीत फर्मेंटर (बिअर आंबवायचं भांडं) पाण्याच्या टबात ठेवून वरून ओलं फडकं गुंडाळा, उन्हाळ्यात आपण माठाला ओलं पोतं लावतो तसंच, हवा कोरडी असली की चांगलं काम करते.

बाटलीत भरायची घाई नको. हायड्रोमीटरवर (बिअरमध्ये किती साखर उरली ते दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर) दोन-तीन दिवस आकडा हलला नाही तरच भरा आणि फेसासाठी लिटरला ६ ते ८ ग्रॅमच साखर, नाहीतर बाटल्या फुटतात आणि काच लागते, हे गमतीत घेऊ नका.

आणि सुट्टीत गावी याल तेव्हा किट आणू नका. तिकडे स्वतःपुरती बिअर घरी बनवता येते, इकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे, लायसन्सशिवाय घरी बनवणं गुन्हा आहे, वर्धा-गडचिरोलीत तर दारूच बंद आहे. मी पण इथं बनवत नाही.

पुढच्या बॅचला फक्त साखर बदला, बाकी काही टाकू नका, म्हणजे फरक कशानं पडला ते कळेल. सुरुवातीचा आणि शेवटचा हायड्रोमीटरचा आकडा लिहून ठेवा आणि इथं खाली टाका, शेवटचा १.०१० च्या आसपास आला तर त्याच्या पुढच्या बॅचला संत्र्याच्या सालीचं प्रमाण तुमच्या किटप्रमाणं काढून देतो.